कोरडी पेंड

"अगं ए मालन, पेंड मुळाला काय चिकटवतेस? जाळायचंय का रोप?"

सरूबाई गोठ्याच्या दारातून ओरडल्या आणि माझ्याबरोबर कुंड्या भरणाऱ्या चौघी बाया फिदीफिदी हसल्या. माझे कान तापले. लग्न होऊन नर्सरीत येऊन मला जेमतेम दहा महिने झाले होते. त्या बायांवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं आणि त्यांच्यादेखतच माझी अशी शोभा.

"मामंजींनी दाखवलं तसंच करतेय," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"मामंजींनी असं दाखवलं? सरक जरा."

त्या येऊन माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या. अंगात ताप होता त्यांच्या. डोळे लाल, नाक चोंदलेलं, आवाज घोगरा. माझी कुंडी त्यांनी सरळ उपडी केली आणि पहिल्यापासून भरायला घेतली. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा, वर वीतभर माती, मातीवर मूठभर कोरडी पेंड चुरून पसरलेली, तिच्यावर पुन्हा दोन बोटं माती, आणि मग रोप.

"पेंड आणि मूळ यांच्यात मातीचा पडदा पाहिजे. पेंड कुजताना तापते. मूळ आपल्या पायानं चालत जाऊन तिला गाठेल महिन्याभरात, तू नको घाई करूस." मग त्यांनी माझ्या हातातली झारी घेतली. "आणि पाणी कडेकडेनं. पेंडीला ओल लागली की पुरे. आंघोळ घातलीस तर पेंड आंबते, बुरशी धरते, रोप मरतं आणि गिऱ्हाईक आपल्या नावानं खडे फोडतं."

गोदा नावाची एक बाई होती, ती म्हणाली, "सरूबाई, तुमीच शिकवा बाई आमाला. हितं सगळा आनंदच हाय."

पुन्हा हशा. मी खाली मान घातली.

"सरे!" ओसरीवरून आमच्या सासूबाईंचा आवाज आला. "रोपाला हात लावू नको म्हणून तुला कितींदा सांगायचं?"

सरूबाईंनी झारी खाली ठेवली. पदराला हात पुसले आणि गोठ्याकडे गेल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता मी पासष्टीची आहे. त्या वेळी चोवीसची होते आणि मला राग फार लवकर यायचा. अजूनही येतो.

उरुळीच्या पुढं, सोलापूर रस्त्याच्या कडेला आमची नर्सरी. सरूबाई माझी थोरली जाऊ. ही नर्सरी मुळात त्यांनी आणि थोरल्या भाऊजींनी उभी केलेली. भाऊजी विहिरीवर मोटरचा शॉक लागून गेले, त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. भाऊजी गेले तसं आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, ठरवून टाकलं की सरूचा हात चांगला नाही, तिनं रोप लावायचं नाही. हातभर उंचीच्या काडीला फुलं आणणारी बाई, तिला गोठ्यात बसवली. गोठ्याला लागून एक खोली होती, तिथंच त्या झोपायच्या.

गोठ्यात त्यांची तांबू होती. भाऊजी गेल्यावर सरूबाईंच्या भावानं बहिणीला गाय दिली होती, घरात तिचं म्हणून काहीतरी असावं म्हणून. तांबड्या रंगाची, शांत, पायापाशी लहान मूल बसलं तरी खूर न उचलणारी. दोन्ही वेळचं मिळून नऊ लिटर दूध द्यायची. त्या दुधावर आमच्या घरचा चहा, दही, तूप चालायचं आणि त्या दुधामुळंच सरूबाईंना घरात दोन वेळची भाकर मान वर करून खाता यायची.

"तांबू आहे तोवर मी इथं आहे," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "नाहीतर आत्याबाईंनी मला कधीच एसटीत बसवली असती."

आणि तीच तांबू आता जाणार होती. माझी नणंद शकूवन्सं बाळंत झाली होती आणि आत्याबाईंनी परस्पर शब्द दिला होता, की गुरुवारी गाय तिच्या घरी पोचती करू. आदल्या रविवारी हे सरूबाईंना कळलं. त्या अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या. एरवी खालच्या आवाजात बोलणारी बाई, पण त्या दिवशी रस्त्यावर ऐकू जावं असं ओरडली.

"माझ्या भावानं दिलेली गाय आहे! मेली तरी बेहत्तर, पण दुसऱ्याच्या दावणीला जाऊ द्यायची नाही मी!"

हे सगळ्यांनी ऐकलं. मामंजींनी, कामाच्या बायांनी, पाणी प्यायला थांबलेल्या एका ट्रकवाल्यानंसुद्धा.

कुंड्यांवरून माझी शोभा झाली, तो त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, सोमवारचा प्रसंग.

आता आमच्याकडच्या पेंडीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेंड दोन तऱ्हेची यायची. एक सरकीची. ती जनावरांची. दुपारी बादलीत भिजत घालायची आणि संध्याकाळच्या धारेला भुसा, मीठ कालवून गाईपुढं ठेवायची. दुसरी एरंडीची. ती झाडांची. कुंडी भरताना मातीत कोरडीच चुरायची, तिला पाणी दाखवायचं ते झारीनं, कुंडीत गेल्यावरच. दोन्हींची पोती सारखी, तागाची. कामाच्या बायांना पोत्यावरचं वाचता यायचं नाही. गफलत होऊ नये म्हणून मामंजींनी कधीकाळी दोन नावं पाडून दिली होती. सरकीची ती ओली पेंड, एरंडीची ती कोरडी पेंड. ओली जनावरांची, कोरडी झाडांची. एरंडी, सरकी हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारायचंच नाही. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा आत्याबाईंनी हे माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. पोत्यात कोरडी ठणठणीत असली तरी सरकीच्या पेंडीला आम्ही ओलीच म्हणायचो. पाहुणे हसायचे.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर सरूबाईंनी मला हाक मारली. मी गेले. त्या खोलीत गोधडी घेऊन पडल्या होत्या. ताप वाढला होता, दात वाजत होते.

"मालन, वासरानं बादली उपडी केली बघ. भिजवलेली सगळी सांडली. उठवत नाही गं मला. तेवढी कोरडी पेंड काढ आणि भिजत घाल. धारेच्या वेळेला मी उठते."

"कोरडी?" मी विचारलं.

"हो, कोरडी. चार ओंजळी घाल. आणि पाणी बेताचं."

मी गेले, कोरडीच्या पोत्यातून चार ओंजळी पेंड काढली, बादलीत टाकली, पाणी ओतलं, वर गोणपाट झाकलं आणि माझ्या कुंड्यांकडे परत आले. तीनशे गुलाब पिशव्यांतून काढून कुंड्यांत लावायचे होते. आमचे हे गुरुवारी टेंपो घेऊन येणार होते आणि त्याच टेंपोत मागं तांबूलाही चढवायचं होतं.

संध्याकाळी सरूबाई उठल्या. चोंदलेलं नाक ओढत, भिंतीला धरून धरून त्यांनी बादलीतली पेंड भुश्यात कालवली, मीठ टाकलं, वर गुळाचा खडा कुस्करला. जायच्या आधी चार दिवस तांबूला गूळ द्यायचा असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. तांबूनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं. उरलेली पेंड मंगळवारी सकाळी खाल्ली.

मंगळवारी दुपारी तांबूनं वैरणीला तोंड लावलं नाही. मग बसली. मग शेण पातळ झालं आणि त्यात रक्त दिसलं.

सरूबाईंची किंकाळी ऐकून मी मातीच्या हातानं पळत गेले. त्या गाईच्या मानेला मिठी मारून बसल्या होत्या. स्वतःचा ताप विसरल्या होत्या. "तांबे, ए तांबे, ऊठ गं, ऊठ माझी बाई," असं चाललं होतं. गाईचे पाय थरथरत होते, तोंडाला फेस होता. वासरू आचळाकडे झेपावत होतं, त्याला मामंजींनी लांब नेऊन बांधलं.

जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवरून आले तेव्हा चार वाजले असतील. त्यांनी डोळे बघितले, पोट चाचपलं, सुई टोचली.

"काय खायला घातलं?"

"रोजचंच," सरूबाई म्हणाल्या. "वैरण, भुसा, पेंड."

"कसली पेंड? दाखवा."

सरूबाईंनी बादली पुढं केली. तळाला थोडी पेंड राहिली होती. डॉक्टरांनी चिमूटभर बोटावर घेतली, वास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"बाई, ही एरंडीची पेंड आहे. खत आहे हे. जनावराला विष आहे विष! कुणी घातली?"

सरूबाईंना आधी समजलंच नाही. त्यांनी ती पेंड नाकाशी नेली, पण नाकाला वास येत नव्हता. मग त्यांनी ती जिभेवर ठेवली आणि थुंकल्या. मग त्या सावकाश वळल्या आणि माझ्याकडे बघितलं.

मी तोंडाला पदर लावला होता.

"यावर औषध नाही," डॉक्टर मामंजींना म्हणाले. "मी करतो ते करतो. पण आशा ठेवू नका."

रात्रभर गोठ्यात कंदील होता. बुधवारी उजाडताना तांबू गेली.

जांभळाच्या मागं खड्डा खणून तिला पुरली. पुरून आल्यावर हातपाय धुऊन सगळे ओसरीवर बसले आणि आत्याबाईंनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. शकूवन्सं नव्हती, पण तिचे मिस्टर गाय न्यायला म्हणून आदल्या संध्याकाळीच येऊन थांबले होते. जावयासमोर घराची ही शोभा. आत्याबाईंचे ओठ पांढरे पडले होते.

"पेंड कुणी भिजवली?"

"मी," मी म्हटलं.

"कुणी सांगितलं?"

"सरूबाईंनी."

"काय सांगितलं? शब्दन् शब्द सांग. पदरचं काही घालू नको."

मी शब्दन् शब्द सांगितलं. "म्हणाल्या, कोरडी पेंड काढ आणि भिजत घाल. मी परत विचारलं, कोरडी? तर हो म्हणाल्या, कोरडी."

कामाच्या बाया कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या, त्यांनीही हे ऐकलं.

"ऐकलंत?" आत्याबाई मामंजींना म्हणाल्या. "पंधरा वर्षं झाली हिला या घरात. कोरडी कशाला म्हणतात हे हिला ठाऊक नाही? कालची पोर गोदा, तिलाही ठाऊक आहे. मेली तरी बेहत्तर म्हणाली होती ना? मारली. माझ्या लेकीच्या तोंडचं दूध काढायला हिनं मुकं जनावर मारलं."

"आत्याबाई, काय बोलताय!" सरूबाई धावतच पुढं आल्या. "माझी तांबू मी मारीन? पोत्यातली कोरडी, न भिजवलेली, असं म्हणायचं होतं मला. तापात बोलले हो. ओली सांडली होती, म्हणून मी कोरडी म्हणाले. ओलीच, पण कोरडी."

त्यांचं त्यांनाच ते बोलणं सांगता येईना. ओलीच पण कोरडी. जावईबापू हसले. नको त्या वेळी हसले.

मग सरूबाई माझ्याकडे वळल्या. माझे दोन्ही दंड धरले. हात अजून तापलेले होते.

"मालन, तू सांग. तुला ठाऊक आहे मला काय म्हणायचं होतं. गाईची पेंड भिजत घाल, एवढंच ना? तू सांग ना गं!"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता मी हो म्हटलं तर आत्याबाई विचारतील, मग ठाऊक असून तू एरंडी का घातलीस? आणि मग या ओसरीसमोर सरूबाईंच्या जागी मी उभी असेन.

"मला काय ठाऊक, बाई?" मी म्हटलं. "मी घरात नवीन. सांगितलं ते केलं."

सरूबाईंनी माझे दंड सोडले.

मामंजी उठून आत गेले. त्यांनीच पाडलेली नावं होती ती. ते एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

गुरुवारी सरूबाईंचा भाऊ आला. त्याला काय सांगायचं ते आत्याबाईंनी सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. आपण दिलेली गाय बहिणीनं विष घालून मारली, असंच त्याला कळलं. सरूबाईंची एक पत्र्याची पेटी होती, ती त्यानं खांद्यावर घेतली. सरूबाई त्याच्या मागून चालत गेल्या. फाटकापाशी मी भरलेल्या कुंड्या रांगेनं मांडल्या होत्या. त्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही की माझ्याकडेही नाही. आमच्या ह्यांनी टेंपोत गुलाब चढवले आणि पुण्याला नेले. तीनशेतला एकही दगावला नाही, असं गिऱ्हाईक नंतर सांगत होतं.

त्यानंतर अकरा वर्षं गेली. मला दोन मुलं झाली. मामंजी गेले. मी नर्सरी सांभाळायला लागले आणि चांगली सांभाळली. कुंडी भरायला नवी बाई आली की मी तिला शिकवायची, की पेंड आणि मूळ यांच्यात मातीचा पडदा पाहिजे, पाणी कडेकडेनं. नर्सरी हातात घेतली त्या पहिल्याच दिवशी मी ओली-कोरडी हे शब्द बंद करून टाकले. एरंडीला एरंडी म्हणायचं, सरकीला सरकी. कुणी का म्हणून विचारलं तर मी पुढच्या कुंडीला हात घालायची.

सरूबाईंची आठवण यायची का? यायची. रोज नाही यायची. पण ताप आला, सर्दीनं नाक चोंदलं, की अंथरुणात पडल्या पडल्या यायची आणि मग बसायची उरावर.

बाराव्या वर्षी आत्याबाई गेल्या. त्यांचं दिवसकार्य उरकलं आणि मी मनाशी म्हटलं, आता कुणाची भीती? जायचं आणि सांगून टाकायचं. एक सुती लुगडं घेतलं, घरात सांगितलं की माहेरी जाऊन येते, आणि सुप्याच्या बाजूची एसटी धरली. फाट्यावर उतरून मैलभर चालत सरूबाईंच्या भावाच्या वस्तीवर गेले.

त्या अंगणात लिंबाखाली गोधडी शिवत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे. मला आधी ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि सुई कापडात खोचून ठेवली.

"मालन का? ये. बस. आत्याबाई गेल्या म्हणे."

"गेल्या."

"बरं झालं. म्हणजे सुटल्या म्हणते मी. त्रास होता ना पोटाचा?"

मी लुगडं पुढं ठेवलं. त्यांनी हात लावला नाही. पाणी विचारतील असं मला वाटलं, कारण उन्हातून आले होते. माझं बघणं त्यांना कळलं असावं.

"पाणी वहिनी आणून देईल," त्या म्हणाल्या. "मी नाही देत कुणाला. इथं मला चुलीपाशी जाऊ देत नाहीत. माठाला हात नाही. गोठ्यात तर पाऊलच नाही टाकायचं. भावाची नातवंडं आहेत तीन, त्यांना सांगून ठेवलंय, आजीनं काही दिलं तर खायचं नाही." हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. "वाईट नाहीत ती माणसं. जेवायला वेळेवर देतात. पण भीती वाटते त्यांना. वाटणारच की."

इतकी वर्षं मला वाटत होतं की घर गेलं, गाय गेली, एवढंच झालं त्यांचं. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"सरूबाई, मी सांगायला आलेय काहीतरी."

"आधी मला एक सांग," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं विचारतेय मी स्वतःला. त्या दिवशी सकाळपासून तू एरंडीच चुरत होतीस. हाताला तोच वास. मग पोतं उघडलंस तेव्हा तुला कळलं नाही, की ही झाडांची?"

"कळलं."



मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्या दुपारी खोलीतून बाहेर पडतानाच मला ठाऊक होतं की त्यांना सरकीची म्हणायचंय. चार बायांसमोर मला बोलल्या होत्या, त्याचा राग माझ्या डोक्यात होता. मी मनाशी म्हटलं, कोरडी म्हणालात ना? घ्या मग कोरडी. मला वाटलं, गाय हुंगेल आणि तोंड फिरवील, धारेला पान्हा सोडायची नाही, आणि आत्याबाई तुम्हाला चार शब्द सुनावतील. मला सुनावलेत तसे. तेवढंच. एरंडी जनावराच्या जिवावर उठते हे मला ठाऊक नव्हतं हो. मुलांची शपथ घेऊन सांगते, ठाऊक नव्हतं. झाडांची पेंड, जनावरांना चालत नाही, एवढंच मला शिकवलं होतं.

"आणि ओसरीवर?"

"ओसरीवर घाबरले."

मी रडत होते. त्या रडत नव्हत्या. मांडीवरच्या गोधडीवर त्यांचा हात फिरत होता. मला वाटलं आता शिव्या देतील, थोबाडीत मारतील. मारावी असं मला वाटत होतं.

पण त्यांच्या तोंडावर वेगळंच काहीतरी आलं. पाठ सरळ झाली. गालांवर रंग चढला. मी अकरा वर्षांपूर्वीची सरूबाई बघत होते.

"म्हणजे मी नाही मारली," त्या म्हणाल्या. "मला कधी कधी वाटायला लागलं होतं गं, की तापात मी मुद्दामच बोलले असेन. इतकी माणसं म्हणतात तर असेल. म्हणजे मी नाही ना मारली?"

"नाही. तुम्ही नाही."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. आणि वळून घराकडे तोंड करून हाक मारली.

"वहिनी! अहो वहिनी, जरा बाहेर या! पोरांनाही आणा! ही मालन आलीय, आमची धाकटी जाऊ. हिला काहीतरी सांगायचंय तुम्हाला!"

दार उघडलं. भावजय बाहेर आली, थोराड, पिठानं माखलेले हात. मागून तिची सून, कडेवर पोर. आणखी दोन पोरं उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. एक म्हातारी शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"काय हो?" भावजय म्हणाली. "काय सांगायचंय?"

सरूबाईंनी माझा हात दाबला. "सांग," त्या हळूच म्हणाल्या. "मघाशी सांगितलंस तसंच सांग. एवढंच सांग."

मी तोंड उघडलं. समोर सहा-सात माणसं. ही भावजय उद्या बाजारात सांगेल, बाजारातून उरुळीला जाईल, नर्सरीवरच्या बाया ऐकतील, माझ्या मुलांच्या कानांवर जाईल. तुमच्या आईनं गाईला विष घातलं आणि विधवा जावेवर ढकललं. हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"काही नाही," मी म्हटलं. "निघते म्हटलं. लुगडं द्यायला आले होते."

"एवढंच होय?" भावजय म्हणाली. "चहा घेऊन जा की मग. मी टाकते." आणि ती आत गेली. जाता जाता धाकट्या पोराला दंडाला धरून तिनं सरूबाईंच्या जवळून बाजूला ओढलं.

सरूबाईंचा हात माझ्या हातात होता. तो त्यांनी काढून घेतला. रागानं नाही, हळू काढला. कापडात खोचलेली सुई शोधली, दोरा ओढला आणि गोधडीचा पुढचा टाका घातला.

"सरूबाई," मी म्हटलं.

"जा, मालन," त्या वर न बघता म्हणाल्या. "तुझी गाडी चुकेल."

गाडीला अजून दीड तास होता. तो मी फाट्यावर उभी राहून काढला.